पिकाची राखण आणि घरची काडतुसे

बुलढाणा जिल्ह्यातला शेतकरी खरिपाचे नियोजन करताना आता पावसाइतकाच रानडुकरांचा विचार करतो. भुईमूग पेरायचा की सोडून द्यायचा, मका धुऱ्यापर्यंत न्यायचा की मधल्या पट्ट्यात ठेवायचा, हरभरा घाट्यावर आला की जागलीला कोण जाणार, हे सगळे पेरणीआधीच घरात बोलले जाते. डुकरांचा कळप रात्रीतून मक्याचे वावर आडवे करतो. रोही, म्हणजे नीलगायी, हरभऱ्याचे आणि तुरीचे शेंडे खुडून खातात आणि खातात त्याहून जास्त पायदळी तुडवतात. जागलीने मेटाकुटीला आलेल्या गावांतून म्हणून एक मागणी सारखी पुढे येते: आम्हाला बंदूक द्या.

या मागणीला जोडून दुसरा एक प्रश्न आहे आणि त्यावर उघड चर्चा होत नाही. बंदुकीचा परवाना मिळाला नाही किंवा काडतुसे परवडली नाहीत, तर माणूस घरगुती उपायांकडे वळतो. नळीच्या तोंडातून भरायची विनापरवाना भरमार बंदूक, घरी भरलेले काडतूस, गावठी बॉम्ब, तारेत सोडलेली वीज ही सगळी त्याच वाटेवरची ठिकाणे आहेत. अमेरिकेत आणि युरोपात काडतुसे घरी भरणे हा नियमात बसणारा छंद आहे आणि त्याच्या चित्रफिती आपल्याकडे कोणाच्याही फोनवर दिसतात. डुकरासाठी लागणारे, एकच जड शिशाचा गोळा असलेले ‘स्लग’ काडतूस घरच्या घरी तयार होताना पाहिले की ते सोपे वाटते.

पिकाच्या राखणीत बंदुकीची आणि काडतुसाची जागा नेमकी कोणती, याचा हा आढावा आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. रानडुकरांचा प्रश्न गावाचा आहे आणि घरी भरलेले काडतूस हे एकट्या माणसाचे उत्तर आहे. शेतकऱ्याचा त्रास शंभर टक्के खरा आहे, आणि म्हणूनच त्याला खोट्या उपायावर सोडून देणे हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय ठरतो.

जिल्ह्याची रचना आणि जनावरांची वाट

बुलढाण्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके आहेत. संग्रामपूरकडचे अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. मध्ये पूर्णेचे सपाट, काळ्या मातीचे खोरे आहे: मलकापूर, नांदुरा, शेगाव. त्याच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा चढतात आणि तिथे, बुलढाणा आणि खामगावच्या दरम्यान, १९९७ मध्ये घोषित झालेले सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. आणखी खाली लोणारच्या सरोवराभोवती छोटे अभयारण्य आहे.

म्हणजे जंगल एका बाजूला आणि शेती दुसऱ्या बाजूला अशी इथे सरळ विभागणी नाही. जंगलाचे तुकडे शेतांच्या मध्ये आहेत. नाल्याकाठची झुडपे, गावाची गायराने, वाढलेल्या वेड्या बाभळी यांतून जनावरांना दिवसभर लपायला जागा मिळते. रोह्याला तर दाट जंगल लागतच नाही, त्याला मोकळे माळ आणि पिके पुरतात. रानडुक्कर दिवसा झुडपात पडून राहते आणि अंधार पडल्यावर वावरात उतरते. वर्षभर एकामागून एक पिके उभी असल्यामुळे त्याला खाण्याची तूट कधी पडतच नाही.

दुसरी बाजूही इथेच दिसते. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, रेडिओ कॉलर लावलेला ‘टी१सी१’ हा तरुण वाघ जून २०१९ मध्ये बाहेर पडला आणि सुमारे १,३०० किलोमीटर चालून डिसेंबर २०१९ मध्ये ज्ञानगंगेत पोहोचला. वाटेत त्याने शेते, रस्ते, नाले ओलांडले. ज्ञानगंगेत त्याला रोही आणि रानडुक्कर हे भक्ष्य भरपूर होते. डुकरांची संख्या निसर्गाच्या हिशेबाने आवरणारा प्राणी आपल्याच वावरांतून चालत येतो. म्हणून त्या वावरात डुकरासाठी लावलेली प्रत्येक तार आणि प्रत्येक बॉम्ब त्याच्याही वाटेत असतो.

बंदूक शेतात कशी आली

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातली हत्यारे परवान्याखाली आणली आणि युरोपियनांना मोकळीक दिली. त्या भेदभावाविरुद्ध राष्ट्रीय सभेने अनेक वर्षे ठराव केले. शेतीच्या रक्षणाला हत्यार लागते, हा युक्तिवाद त्या काळापासून आहे. स्वातंत्र्याच्या आसपास ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत पीकसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने देण्याकडे सरकारचा कल होता. बुलढाणा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशात, होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

दरम्यान आलेल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतकऱ्याचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि तो आजही कायम आहे. कलम १३ प्रमाणे खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी भरमार बंदुकीचा परवाना मागता येतो. भरमार पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर किमान २० इंच नळीची साधी, आतून गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. बारा बोअरची दुनळी शेतात आली ती या वाटेने. म्हणजे कायद्याने शेतकऱ्यापुढे दार बंद केलेले नाही. दार अरुंद आहे आणि गेल्या काही दशकांत ते अधिक अरुंद झाले आहे. पोलीस चौकशी, जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय, २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, देशव्यापी नोंदीचा क्रमांक, असा हा प्रवास आहे.

परवाना असलेल्यालाही एक अडचण येते आणि ती जिल्ह्याबाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. त्या आठवड्यांत मका काढणीला आलेला असतो, तूर फुलावर असते, हरभरा नुकता उगवलेला असतो. राखणीची खरी गरज असते नेमकी तेव्हा बंदूक कोठडीत पडलेली असते.

एक काडतूस जवळून

बारा बोअरचे काडतूस हातात घेऊन पाहिले की घरी भरण्याचा प्रश्न नीट समजतो. पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्ये सुरू झालेला दारूगोळा कारखाना आहे. परवानाधारकांच्या हातात दिसणारी ‘शक्तिमान’ काडतुसे तिथली. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा खडकी आणि मलकापूरपासून फार दूर नसलेले वरणगाव हे दोन्ही कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’मध्ये गेले.

काडतुसाच्या तळाशी पितळेची टोपी असते आणि तिच्या मधोमध ठिणगी देणारी बारीक कळ बसवलेली असते. त्यावर पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची नळी. नळीत आधी दारू, तिच्यावर गट्टा, गट्ट्यावर छर्रे आणि वर दुमडून बंद केलेले तोंड. हेच छर्रे बारीक असले तर पाखरांसाठी, जाड असले तर एल.जी. किंवा एस.जी. म्हणून मोठ्या जनावरांसाठी. छर्र्यांच्या जागी सुमारे २८ ग्रॅमचा एकच शिशाचा गोळा बसवला की ते स्लग झाले. जर्मनीतल्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये आणि अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये घडवलेल्या नमुन्यांवरून आजचे बहुतेक स्लग आले. दोघांपुढचा प्रश्न एकच होता: पेचदार खाचा नसलेल्या नळीतून गोळा सरळ कसा जाईल.

घोडा दाबला की या नळीच्या आत दाब सुमारे ७०० वातावरणांपर्यंत चढतो आणि हे सारे एका सेकंदाच्या काही हजाराव्या भागात घडते. कारखान्यात दारूची प्रत्येक खेप तपासली जाते, नमुन्याची काडतुसे दाब मोजणाऱ्या नळीतून उडवली जातात आणि मगच ती खोक्यात भरली जातात. दाब किती आहे हे काडतुसाकडे पाहून कळत नाही, वजन करून कळत नाही, अनुभवानेही कळत नाही. दारूची जात बदलली, गट्टा अधिक घट्ट बसला, गोळा थोडा जड निघाला, कळ वेगळ्या ताकदीची आली, यांपैकी एकाही गोष्टीने दाब मर्यादेबाहेर जातो. त्यातही सर्वांत घातक चूक म्हणजे जुन्या काळ्या दारूसाठी केलेल्या नळीत बिनधुराची दारू जाणे. काळ्या दारूचा दाब तुलनेने कमी राहतो आणि बिनधुराची दारू बंद नळीत दाब फार वर चढवते. जुनी, गंजाने पातळ झालेली नळी अशा वेळी फाटते आणि ती फाटते ती नळीखाली धरलेल्या डाव्या हातापाशी, चेहऱ्यासमोर.

परदेशात हे काम करणारे लोक कारखान्याने छापलेल्या तक्त्यातला एकही घटक बदलत नाहीत. जर्मनीत त्यासाठी स्फोटक कायद्याखाली वेगळी परीक्षा आणि वेगळा परवाना लागतो. त्यांच्याकडे ठरावीक दर्जाची दारू, ठरावीक कळा आणि ठरावीक गट्टे दुकानात मिळतात. आपल्याकडे यांतले काहीच खुल्या बाजारात नाही. मग हाती येते ती विहिरीच्या कामातून किंवा फटाक्यातून काढलेली दारू, एकदा उडवलेली टोपी आणि चुलीवर वितळवलेले शिसे. चित्रफितीत दिसणारा छंद आणि इथे घडू शकणारा प्रकार यांत नावापुरतेच साम्य आहे.

पूर्णेच्या खोऱ्यापुरती आणखी एक गोष्ट. छर्रे चाळीसेक मीटरनंतर विखुरतात आणि लवकर ताकद गमावतात. स्लग तसा थांबत नाही. नेम चुकला की तो शेकडो मीटर पुढे जातो. सपाट वावरात, अंधारात, जिथे पलीकडच्या धुऱ्यावर दुसऱ्याचा मचाण आणि त्यावर दुसऱ्या घरचा माणूस जागलीला बसलेला असतो, तिथे स्लगच्या मागे मातीचा उंचवटा नसेल तर ती गोळी कोणाच्या घरी जाईल हे सांगता येत नाही.

कायदा काय म्हणतो

इथे दोन कायदे एकत्र लागू होतात, आणि दोन्हींकडे पाहिल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

शस्त्र कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे केवळ तयार काडतूस नाही. त्याचे सुटे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रेही त्यात येतात. कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो अधिकार येत नाही, हा मुद्दा अनेक परवानाधारकांनाही माहीत नसतो. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली आहे. पोलिसांचा रोख प्रामुख्याने गावठी कट्ट्यांवर असतो, कारण सातपुड्यापलीकडे बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या पाचोरीसारख्या ठिकाणांहून येणारी अवैध हत्यारे ही या पट्ट्याची जुनी डोकेदुखी आहे. पण कलम तेच आहे. राखणीसाठी काडतूस भरणाऱ्या शेतकऱ्याला आणि कट्टा घडवणाऱ्याला कायदा एकाच रांगेत उभे करतो. बारूद खरेदी करून साठवणे हा स्फोटक कायद्याखालचा आणखी वेगळा विषय.

दुसरा कायदा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याच्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरलेल्या विशिष्ट प्राण्यांना मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी, कारणे देऊन देऊ शकतो. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूचींची फेरमांडणी होऊन रानडुक्कर आणि नीलगाय दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ही परवानगी स्थानिक वनाधिकाऱ्याच्या पातळीवर मिळण्याची सोय केली. परवानगीशिवाय मारले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात आणि अभयारण्यात शिक्षा याहून कडक आहे. परवानगीने मारलेले जनावरही शेतकऱ्याचे होत नाही, कलम ३९ प्रमाणे ते शासनाची मालमत्ता ठरते.

म्हणजे बंदुकीचा परवाना हातात आहे म्हणून डुक्कर मारता येत नाही आणि डुक्कर मारायची परवानगी आहे म्हणून काडतूस घरी भरता येत नाही. शेतकऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस ठाणे आणि वनविभाग अशी तीन दारे स्वतंत्रपणे ठोठावावी लागतात. पीक उभे असते जेमतेम शंभर-सव्वाशे दिवस. कागदाची गती आणि पिकाची गती यांचा मेळ बसत नाही, हे बंदुकीच्या मागणीमागचे खरे दुखणे आहे.

मारल्याने संख्या घटते का

या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर जर्मनीत आहे. तिथे शिकारी प्रशिक्षित आहेत, बंदुका उत्तम आहेत, स्लगचा जन्म तिथला आणि काडतुसे घरी भरण्याची मुभाही नियमात आहे. २०१७-१८ च्या एका हंगामात जर्मनीत आठ लाखांहून अधिक रानडुकरे मारली गेली. तरीही रानडुक्कर हा तिथल्या शेतीपुढचा मोठा प्रश्न राहिला, कारण मक्याची शेती वाढली, हिवाळे सौम्य झाले आणि मादी एका वेतात चार-सहा किंवा त्याहून जास्त पिल्ले देत राहिली. गर्भकाळ जेमतेम पावणेचार महिन्यांचा. खाणे मुबलक असले तर वर्षाच्या आतली मादीही विते. संख्या खरोखर घटवायची तर दरवर्षी निम्म्याहून बरीच अधिक जनावरे काढावी लागतात, आणि त्यांत माद्या व पिल्लांचे प्रमाण मोठे असावे लागते. जागलीवरचा शेतकरी मात्र समोर येईल त्यावर, बहुधा मोठ्या सुळ्याच्या नरावर, गोळी झाडतो. त्याने संख्येवर जवळपास काही परिणाम होत नाही.

होतो तो वेगळाच परिणाम. माद्या आणि पिल्लांचा कळप एका वयस्क मादीच्या मागे चालतो. गोळीबाराने तो फुटतो, पांगतो आणि शेजारच्या शिवारात जातो. एका वावराची राखण झाली की दुसऱ्याचा मका जातो. जखमी झालेले डुक्कर झुडपात शिरून बसले तर सकाळी शेणगोठा करायला निघालेल्या बाईवर किंवा गुराख्यावर चाल करते.

भारतातही मोठे प्रयोग झाले. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड यांना मर्यादित काळासाठी उपद्रवी घोषित केले. जून २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात मोठ्या संख्येने नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन केंद्रीय मंत्र्यांमध्येच उघड वाद झाला. केरळने मे २०२२ मध्ये वेगळी वाट धरली: स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना अधिकार दिले आणि परवानाधारक नेमबाजांच्या याद्या करून, गोळी कोण झाडेल आणि मेलेल्या जनावराची विल्हेवाट कशी लागेल, हे ठरवून दिले. रानडुक्कर तिथून संपले नाही. पण हत्यार कोणाच्या हातात, जबाबदारी कोणाची आणि नोंद कुठे, या तीन प्रश्नांना उत्तर मिळाले. आपल्या चर्चेत नेमके हेच तीन प्रश्न सुटून जातात.

बंदुकीच्या बाजूने जे खरे आहे

एवढे सांगून बंदुकीची मागणी मोडीत काढणे बरोबर होणार नाही. रात्री वावरात एकट्या बसलेल्या माणसाजवळ काठी, बॅटरी आणि डबा यांपलीकडे काही नसते. चाल करून येणारे जखमी डुक्कर किंवा चुकून समोर आलेले अस्वल यांपुढे त्याला स्वतःचा जीव वाचवायचा असतो. हवेत झाडलेल्या बाराने कळप पळतो, निदान त्या रात्रीपुरता. परवान्याची बंदूक असलेला एक जबाबदार माणूस गावात असणे हा पूर्वी आधार होता, हे जुने लोक सांगतात आणि ते खरे आहे. वनविभाग, पोलीस आणि महसूल या तिघांनी मिळून प्रत्येक मंडळात अशा काही जणांना परवाना, प्रशिक्षण आणि कारखान्याची काडतुसे वेळेवर द्यावीत, ही मागणी रास्त आहे. मी तिच्या बाजूने आहे. घरी भरलेल्या काडतुसाची गरज पडणार नाही, अशी व्यवस्था करणे हेच त्याला दिलेले खरे उत्तर.

घरगुती उपायांची किंमत

काडतुसाला पर्याय म्हणून जे घडते ते काडतुसाहून भयंकर असते. गावठी बॉम्ब पिठात किंवा चरबीत लपेटून ठेवला की तो कोण चावणार हे ठरलेले नसते. गाय, कुत्रा आणि खेळणारे पोर यांना तो सारखाच. विजेच्या खांबावरून आकडा टाकून कुंपणात थेट २३० व्होल्ट सोडणे हे तर सरळ मृत्यूला बोलावणे आहे. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड परिसरात ‘श्रीनिवास’ नावाने ओळखला जाणारा वाघ अशाच तारेने मेला. माणसे तर विदर्भात दरवर्षी मरतात, आणि अनेकदा मरणारा शेजारचा शेतकरी किंवा त्याच घरातला कोणी असतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाइपच्या कार्बाइड बंदुकांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. माकडे हाकलायला शेतात वापरली जाणारी ही वस्तू बाजारात खेळणे म्हणून विकली गेली होती.

शिशाचाही हिशेब हवा. गोळीने मेलेले जनावर रानात पडून राहिले की शिशाचे कण गिधाडांच्या आणि गरुडांच्या पोटात जातात. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांवर शिशाचे छर्रे बंद केले. आपले लोणार २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले आहे, ही बाब जिल्ह्याने लक्षात ठेवायला हवी.

जे उपाय टिकतात

सध्या शेतात सर्वांत जास्त भरवसा झटका मशीनवर आहे आणि तो सार्थ आहे. सौर पट्टीवर भरणारी बारा व्होल्टची बॅटरी, एक पेटी आणि धुऱ्याभोवती ताणलेल्या बारीक तारा एवढाच तिचा संसार. पेटी सुमारे दर सेकंदाला एक धक्का सोडते. दाब हजारो व्होल्टचा, पण धक्का क्षणाच्या अगदी बारीक भागापुरता. जनावर बिचकते, मागे फिरते आणि मरत नाही. डुक्कर तारेखालून नाक घालते म्हणून सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी, आणि रोह्यासाठी वरच्या तारा छातीच्या उंचीवर हव्यात. गवत वाढून तारेला टेकले की धक्का मातीत उतरतो, म्हणून पावसाळ्यात तारेखालचे तण काढत राहणे हे खरे काम. बऱ्याच वावरांत मशीन नादुरुस्त नसते, फक्त तारेखाली गवत असते. राज्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणासाठी ७५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, पण जंगलालगतच्या निवडक गावांची मर्यादा आल्यामुळे पूर्णेच्या खोऱ्यातली अनेक गावे त्यातून सुटतात.

झटका मशीनचाही तोच दोष आहे जो बंदुकीचा: एकाने लावली की कळप दुसऱ्याकडे. गावाच्या शिवाराभोवती किंवा निदान वीस-पंचवीस वावरांच्या गटाभोवती एकत्र कुंपण घातले तरच पैसा आणि श्रम वाचतात. प्रत्येकाने आपापल्या चार एकरांची लांबी मोजण्यापेक्षा गटाचा परीघ कितीतरी कमी भरतो.

नुकसान झालेच तर भरपाईची वाटही सोपी नाही. वनविभागाकडे अर्ज, मग वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक यांचा पंचनामा, मग मंजुरी. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबाच्या पश्चिम सीमेवर केलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की जंगलाच्या जवळ उत्पादन घटत जाते आणि नजरेने केलेल्या अंदाजात खरे नुकसान पुरते धरले जात नाही. रोह्याने शेंडे खाल्लेला हरभरा पंचनाम्याच्या दिवशी हिरवाच दिसतो, त्याचे घाटे कमी भरणार हे महिन्याने कळते. पीकविम्यात वन्यप्राण्यांचे नुकसान सर्वसाधारणपणे धरले जात नव्हते. ते खरीप २०२६ पासून जोडण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला आहे. नुकसान झाल्यावर ७२ तासांत जागेच्या नोंदीसह छायाचित्र पाठवावे लागणार. ज्या घरात स्मार्टफोन चालवणारे कोणी नाही तिथे ग्रामपंचायतीने ही जबाबदारी घेतली नाही, तर हा निर्णयही कागदावर राहील.

पुढे काय करावे

सगळे मिळून चित्र असे दिसते. कारखान्याचे काडतूस, परवान्याची बंदूक आणि वनविभागाची लेखी परवानगी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर बंदुकीला पिकाच्या राखणीत मर्यादित, पण खरी जागा आहे. यांतली एक जरी निसटली तर उरतो तो धोका. घरी भरलेले काडतूस तर तिन्ही अटींबाहेरचे आहे. ते भरणाऱ्याचा हात घेते, शेजाऱ्याचा जीव टांगणीला लावते, शेतकऱ्याला सात वर्षांच्या कैदेच्या तोंडाशी नेते आणि इतके करून डुकरांची संख्या होती तेवढीच ठेवते.

जिल्ह्यापुरते चार निर्णय तातडीने होऊ शकतात. ग्रामसभेने पेरणीआधीच गट कुंपणाचा आराखडा करून अनुदान मागावे, आणि त्यासाठी जंगलालगतच्या गावांची अट शासनाने सैल करावी. प्रत्येक तालुक्यात परवानाधारक, प्रशिक्षित नेमबाजांची यादी वनविभागाने जाहीर करावी आणि परवानगीचा निर्णय तासांत व्हावा, महिन्यांत नाही. आचारसंहितेच्या काळात हत्यारे जमा करताना त्या यादीतल्या लोकांचा वेगळा विचार करण्याची मुभा, कोणाचे हत्यार जमा करायचे हे ठरवणाऱ्या छाननी समितीने वापरावी. आणि भरपाईचा पंचनामा एकदा न होता नुकसानीनंतर आणि काढणीच्या वेळी, असा दोनदा व्हावा.

यांतले एकही काम एकट्या शेतकऱ्याच्या हातातले नाही. तो रात्र रात्र जागतो कारण ही कामे दिवसा, कार्यालयांत, झालेली नसतात. ती झाली तर घरात बारूद साठवण्याची वेळ कोणावर येणार नाही. ती होईपर्यंत जीव धोक्यात घालून केलेल्या त्याच्या प्रत्येक उपायाची अर्धी जबाबदारी शासनाची आणि गावकारभाऱ्यांची राहील.